जागृती म्हणजे जागरण नव्हे

भीमजयंतीच्या भाषणांत एक किस्सा हमखास सांगितला जातो. रात्री उशिरा पत्रकार देशातल्या मोठ्या पुढाऱ्यांच्या घरी जातात, तर सगळे झोपलेले असतात. बाबासाहेब मात्र पुस्तकात डोके घालून बसलेले असतात. कारण विचारल्यावर ते सांगतात की, त्यांचा समाज जागा आहे म्हणून ते झोपू शकतात, माझा समाज झोपलेला आहे म्हणून मला जागावे लागते. हा किस्सा इतिहासातला की लोकस्मृतीतला, हा वाद आज बाजूला ठेवू. त्याचा आपल्या कार्यकर्त्यांवर झालेला परिणाम मात्र आम्ही रोज पाहतो. आपल्याकडे न झोपणे हा निष्ठेचा पुरावा झाला आहे. रात्री दोनला पोस्ट टाकणारा तो खरा कार्यकर्ता आणि दहाला झोपणारा तो नोकरदार, अशी विभागणी आम्हीही कित्येक वर्षे करत आलो.

हा लेख त्या चुकीची कबुली आहे.

काही वर्षांपूर्वी मराठवाड्यातल्या एका गावात गायरान जमिनीच्या वादातून रात्री आपल्या वस्तीवर हल्ला झाला. सत्यशोधनासाठी आम्ही चौघे गेलो होतो. त्यात एक वकील होते आणि दोन विद्यार्थी. तीन घरे जळाली होती. एका मावशींच्या घरातली ज्वारीची कणगी दोन दिवसांनंतरही आतून धुमसत होती. त्या आम्हाला सगळे सांगत होत्या. आधी पत्र्यावर दगड पडले, मग आग लागली, मग लेकराला घेऊन त्या मागच्या दाराने पळाल्या. त्यांनी हे पोलिसांना सांगितले होते, तेही ठाण्यात रात्री दोन वाजेपर्यंत बसून. मग महसूल अधिकाऱ्यांना, मग दोन वाहिन्यांना, मग आमच्याआधी आलेल्या तीन संघटनांना. आम्ही सातवे किंवा आठवे होतो. आम्ही वही उघडली आणि म्हणालो, "मावशी, पहिल्यापासून सांगा."

अहवाल चांगला झाला. निवेदने गेली, मोर्चा निघाला. पण परत आल्यानंतर आमच्यातला सगळ्यात लहान विद्यार्थी हळूहळू बैठकांना येईनासा झाला. आला तरी चिडायचा, नाहीतर गप्प बसायचा. एका बैठकीत आम्ही सगळ्यांसमोर त्याला विचारले, "काय रे, दोन महिन्यांतच थकलास?" त्याने मान खाली घातली आणि नंतर आमचा फोन घेणेही बंद केले. "करिअरच्या मागे लागला, चळवळ सोडली," असा निकाल आम्ही देऊन टाकला. सहा-सात महिन्यांनी त्याच्या आई बाजारात भेटल्या. म्हणाल्या, "दादा, त्याचं काही खरं नाही. रात्रभर दिवा बंद करू देत नाही. डोळा लागला की पत्र्यावर दगड पडल्यासारखं दचकून उठतो."

आमच्या घरावर स्लॅब आहे, पत्रा नाही. तरीही तो आवाज आम्हालाही अनेक रात्री ऐकू आला होता. आम्ही तो कोणाला सांगितला नव्हता, एवढाच फरक.

त्यानंतर आम्ही झोप आणि स्मृती यांविषयी मिळेल ते वाचू लागलो. आम्ही डॉक्टर नाही, समाजशास्त्राचे विद्यार्थी आणि समाजकार्य करणारे आहोत. पण बाबासाहेबांच्या अनुयायाने विज्ञान परके मानायचे कारण नाही.

झोप म्हणजे मेंदू बंद पडणे, हा आपला समज चुकीचा आहे. १९२४ साली जेंकिन्स आणि डॅलनबाख या दोन संशोधकांनी दोन विद्यार्थ्यांना निरर्थक अक्षरजोड्या पाठ करायला लावल्या. पाठ करून झोपल्यावर त्या जास्त लक्षात राहिल्या, तेवढाच वेळ जागे राहिल्यावर कमी. १९५३ साली शिकागो विद्यापीठात असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी झोपेतली अशी अवस्था दाखवली, जिच्यात मिटलेल्या पापण्यांखाली बुबुळे वेगाने हलतात आणि ठळक स्वप्ने पडतात. तिला आरईएम झोप म्हणतात. १९९४ साली विल्सन आणि मॅकनॉटन यांनी उंदरांच्या मेंदूत तारा बसवून पाहिले. जागेपणी फिरताना ज्या पेशी एकत्र चेतवल्या गेल्या होत्या, त्याच नंतर झोपेतही पुन्हा एकत्र चेतवल्या गेल्या. दिवसभर चाललेली वाट मेंदू रात्री पुन्हा गिरवत होता.

हे आपल्या भाषेत सांगायचे तर सरकारी कचेरीतले आवकचे रजिस्टर डोळ्यांपुढे आणा. मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा एक भाग आहे. दिवसभरात जे घडते त्याची पहिली नोंद तिथे होते. ते रजिस्टर रोज भरते. रात्री गाढ झोपेत त्या नोंदी काढून मेंदूच्या बाहेरच्या थरात, म्हणजे कॉर्टेक्समध्ये, त्या त्या विषयाच्या फायलीत लावल्या जातात. जुन्या अनुभवांशी त्यांचा संबंध जोडला जातो, निरुपयोगी नोंदी गळतात. रात्रीच्या पहिल्या भागात गाढ झोप जास्त असते, पहाटेकडे आरईएम झोप वाढत जाते. साधारण दीड तासाचे एक चक्र असते आणि रात्रीत अशी चार-पाच चक्रे होतात.

आठवणीत फक्त माहिती नसते, भावनाही असते. दगड पडला ही माहिती आणि काळजात धस्स झाले ही भावना. मॅथ्यू वॉकर यांनी अशी मांडणी केली आहे की, आरईएम झोपेत मेंदू वेदनादायक आठवण पुन्हा हाताळतो, पण त्या वेळी नॉरअ‍ॅड्रेनॅलिन हे ताणाशी जोडलेले रसायन अगदी कमी झालेले असते. त्यामुळे प्रसंग लक्षात राहतो आणि त्याची धार हळूहळू बोथट होते. हे गृहीतक आहे आणि सगळेच प्रयोग त्याच्या बाजूने गेलेले नाहीत, हेही सांगितले पाहिजे. पण मोठ्या आघातानंतर अनेकांची ही झोप तुकड्यातुकड्यांची होते आणि तेच दुःस्वप्न पुन्हा पुन्हा येते, हे मानसोपचाराच्या अनुभवाने दिसलेले आहे. जणू फाईल कपाटात लावायला घेतली की कोणी तरी दार ठोठावते, फाईल पुन्हा टेबलावर येते आणि दुसऱ्या रात्री तेच.

आमच्या त्या मित्राने चळवळ सोडली नव्हती. तो रोज रात्री त्याच गावात जाऊन येत होता.

झोप बिघडणे हे केवळ मानसिक आजाराचे लक्षण आहे असे पूर्वी मानत. आता नाते दुहेरी असल्याचे दिसते. दीर्घकाळ निद्रानाश असलेल्यांना पुढे नैराश्य येण्याचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट असतो, असे २०११ साली अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून पुढे आले. नैराश्य झोप घालवते आणि गेलेली झोप नैराश्य आणते.

आता चळवळीतला एक आक्षेप घेऊ. बैठकीत हा विषय काढला तेव्हा एक ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले, "वेदनेची धार गेली तर राग जाईल, आणि राग गेला तर लढणार कोण?" प्रश्न प्रामाणिक आहे. उत्तरही तसेच द्यायला हवे.

२००७ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला. एक रात्र न झोपलेल्या आणि नीट झोपलेल्या तरुणांना सारखीच अस्वस्थ करणारी चित्रे दाखवली. न झोपलेल्यांच्या मेंदूतला अमिग्डला, म्हणजे भीती-संतापाचा धोक्याचा भोंगा, ६० टक्क्यांहून अधिक जोरात वाजला. त्याला आवर घालणाऱ्या पुढच्या मेंदूशी त्याचा संपर्कही कमजोर झालेला होता. आपल्या संघटनांचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप रात्री साडेअकरानंतर वाचून पाहा. एका शब्दावरून भांडण, मग आरोप, मग कोणी तरी ग्रुप सोडतो आणि सकाळी नवा गट जन्माला येतो. त्या रागाने कोणत्या अत्याचाऱ्याला शिक्षा झाली? न झोपलेला राग शत्रूपर्यंत पोचत नाही, तो शेजारच्या कार्यकर्त्यावर फुटतो.

धार जाणे म्हणजे विसरणेही नव्हे. मावशींना आपले घर कोणी जाळले हे लक्षात राहिलेच पाहिजे. पण चुलीत जाळ पाहून रोज त्यांचा श्वास अडकावा, याने न्यायाला काय मदत होते? उलट नुकसानच होते. पुढे न्यायालयात उलटतपासणी झाली तेव्हा मावशींना विचारले गेले की, आधी दगड की आधी आग? पोलीस जबाबात क्रम वेगळा होता. जबाबात विसंगती आहे म्हणजे साक्षीदार खोटी आहे, असा बचाव पक्षाचा रोख होता. आघातातली आणि झोपमोडीतली आठवण सलग गोष्टीसारखी येत नाही. वास, आवाज, एखादे दृश्य अशा तुकड्यांनी येते. शिवाय आठवण प्रत्येक वेळी काढल्यावर काही काळ बदलण्याजोगी होते आणि पुन्हा साठवली जाते, हे २०००च्या आसपास प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दिसले. सात-आठ जणांनी सात-आठ वेळा "पहिल्यापासून सांगा" म्हटल्यावर क्रम हलणारच. त्या हलण्यात आमच्या वहीचाही वाटा होता, ही बोच आमच्या मनात आहे.

दुसरा आक्षेप आमचाच आहे. झोप व्यवस्थेने उडवायची आणि "लवकर झोपा, ध्यान करा" असा उपदेश मात्र पीडिताला करायचा? समाजशास्त्र शिकलेल्या माणसाला हे पटणार नाही. झोपही विषमतेने वाटली गेली आहे. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे, वर मे महिन्यात रात्री बारापर्यंत तापलेला पत्रा. नळाला पाणी पहाटे साडेतीनला येते म्हणून बाईने तीनला उठायचे. बाप रात्रपाळीचा सुरक्षारक्षक, दिवसा झोपायला जावे तर गल्लीत गोंगाट. शहर झाडणारे हात शहर उठण्याआधी उठलेले असतात आणि ते हात बहुतेक कोणत्या जातीचे असतात हे सांगायला नको. ज्या वस्तीवर एकदा रात्री हल्ला झाला, तिथे नंतर पाळीपाळीने माणसे जागतात. तिथे निद्रानाश हा नुसता आजार नसतो, तो पहारा असतो. अशा माणसाला झोपेची गोळी देऊन भागणार नाही. आधी त्याला संरक्षण द्यावे लागेल.

या ठिकाणी एक सुत्त आठवते. अंगुत्तर निकायात हत्थक आळवकाची कथा आहे. हिवाळ्यातली कडाक्याची थंडी, गुरांच्या खुरांनी खडबडीत झालेली जमीन, तिच्यावर पानांचे अंथरूण. हत्थक बुद्धांना विचारतो, झोप चांगली लागली का? बुद्ध होय म्हणतात आणि उलट विचारतात की, ज्याच्याकडे उंच वाडा आहे, मऊ बिछाना आहे, पण मनात राग, द्वेष, मोह यांचा दाह आहे, त्याला झोप लागेल का? ही कथा काही जण अशी सांगतात की, मन शांत असले तर परिस्थितीचे काही अडत नाही. आम्हाला हा अर्थ मान्य नाही. बुद्धांनी पानांचे अंथरूण स्वतः निवडले होते. मावशींनी जळलेल्या घराबाहेरची ताडपत्री निवडली नव्हती. दाह आतलाही असतो आणि बाहेरून लावलेलाही असतो. आतला विझवायला धम्म आहे, बाहेरचा विझवायला संविधान आहे. दोन्ही बाबासाहेबांनीच आपल्या हाती दिले आहेत, त्यातले एकच घेऊन चालणार नाही.

धम्मात सति हा शब्द आहे. संस्कृतातल्या स्मृतीचेच ते पाली रूप. आपण त्याचे भाषांतर सजगता असे करतो, पण मुळात त्यात लक्षात ठेवणेही आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला एक स्मृती जाळली गेली ती गुलामीची होती. त्या घटनेची आठवण आपण शंभर वर्षे टिकवली, ती एकेकट्याने रात्री तळमळून नव्हे. एकत्र जमून, गाणी म्हणून, पुस्तके विकत घेऊन आणि मुलांना सांगून ती टिकली. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मॉरिस हाल्बवाक्स यांनी १९२५च्या ग्रंथात हेच मांडले की माणूस एकटा आठवत नाही, समूहाने दिलेल्या चौकटीत आठवतो. स्वप्नात ती चौकट सुटते, म्हणून तिथे आठवणी विस्कळीत येतात. चैत्यभूमीवर ६ डिसेंबरला लाखो लोक जमतात तेव्हा समाजाची वेदना एकत्र हाताळली जाते, तिला जागा आणि अर्थ मिळतो. आमच्या मित्राला त्या गावातून आल्यावर हीच चौकट हवी होती. आम्ही त्याला टोमणा दिला.

म्हणून आम्ही काही ठरवले आहे. तुम्हीही तुमच्या संघटनेत ठरवावे, असे सुचवतो.

सत्यशोधनाला जाताना आधी गेलेल्या संघटनांकडून नोंदी मागून घ्यायच्या. पीडिताला तीच हकिकत पुन्हा पुन्हा सांगायला लावायची नाही. परतल्यावर दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी एकत्र बसून मनात काय उरले ते बोलायचे आणि सलग दोन गावांना त्याच माणसाला पाठवायचे नाही. अत्याचाराचे व्हिडिओ रात्री ग्रुपवर टाकायचे नाहीत. पुरावा वकिलाकडे जातो, दोनशे लोकांच्या उशाशी नाही.

कायदा पाठ करा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९नुसार महिलेला साक्षीदार म्हणून पोलीस तिच्या राहत्या जागेखेरीज इतरत्र हजर राहायला भाग पाडू शकत नाहीत. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५च्या दुरुस्तीने आलेले कलम १५अ पीडित आणि साक्षीदारांना संरक्षण, प्रवास व निर्वाह खर्च आणि पुनर्वसन यांचा हक्क देते. त्या पुनर्वसनात मानसोपचाराची मागणी आपल्या निवेदनांत आजवर किती वेळा आली? आमच्या निवेदनांत एकदाही आली नव्हती. २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सरकारी मानसोपचाराचा हक्क देतो आणि त्यात जातीवरून भेदभाव करता येत नाही, हेही स्पष्ट लिहिले आहे.

अभ्यासिकेतल्या मुलामुलींना वेगळे सांगणे आहे. एमपीएससीसाठी दोनला झोपून सहाला उठणारा विद्यार्थी पहाटेची झोप कापतो आणि रात्री वाचलेल्या नोंदी फायलीत न लावताच दुसरे रजिस्टर उघडतो. प्रौढ माणसाला किमान सात तास झोप लागते. रात्री जमत नसेल तर दुपारची छोटी डुलकीही स्मृतीला उपयोगी पडते. बाबासाहेबांचे अठरा तास सांगताना त्यांचा मधुमेह, पायांच्या असह्य वेदना आणि ६५व्या वर्षी झालेले महापरिनिर्वाणही सांगा. त्यांनी शरीर झिजवले, कारण त्या वेळी दुसरे कोणी नव्हते. आज आपण लाखो आहोत. त्यांचे काम वाटून घेणे हे अनुकरणापेक्षा मोठे आहे.

आणि स्वतःकडेही पाहू. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकावर बंदी घालणारे नियम २००० साली आले. आपल्या जयंतीचा डीजे मध्यरात्री वाजतो तेव्हा पहाटे तीनला पाण्यासाठी उठणारी बाई आपल्याच वस्तीत असते.

महिनाभराहून अधिक काळ झोप उडाली असेल, तेच स्वप्न येत असेल, तर मेडिकलमधून गोळी आणू नका. निद्रानाशावर बोलण्यातून आणि सवयी बदलण्यातून होणारे उपचार आहेत आणि डॉक्टर तेच आधी सुचवतात. दुःस्वप्नांसाठीही एक पद्धत आहे. जागेपणी त्या स्वप्नाचा शेवट आपण बदलून लिहायचा आणि रोज मनात त्याची उजळणी करायची. २००१ साली लैंगिक अत्याचारातून वाचलेल्या स्त्रियांना याचा उपयोग झाल्याचे बॅरी क्रॅकॉव्ह यांच्या अभ्यासात दिसले. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येते.

आमच्या मित्राने उपचार घेतले. त्याचा शेवट त्याने असा बदलला की, दगड पडायला लागतात तेव्हा वस्तीतली सगळी माणसे दिवे घेऊन बाहेर येतात आणि मारणारे अंधारात मागे सरकतात. त्याने हे आम्हाला सांगितले तेव्हा आम्ही त्याची माफी मागितली. तो हसून म्हणाला, "दादा, आता बैठक दहाच्या आत संपवा म्हणजे झालं." तो पुन्हा येतो, महिन्यातून एकदा. आम्हाला तेवढे पुरेसे आहे.

मावशींचा खटला चालू आहे. पुढच्या तारखेला त्यांच्यासोबत जाणारा आदल्या रात्री वेळेवर झोपलेला असावा, हा आमचा नवा नियम आहे. कारण न्यायालयात तारखा, क्रम आणि नावे लक्षात ठेवणारा माणूस लागतो.

जय भीम!